तिला आण

मेथीने नाकाने दार ढकललं, आत आली आणि ऋजुताच्या ओढणीचं टोक दातांत धरून उभी राहिली. ओढायचं नाही, नुसतं धरून उभं राहायचं, असं तिला शिकवलेलं होतं. ऋजुताने समोरच्या पडद्यावरचं पान अर्ध्यात सोडलं. जुन्या मराठी पुस्तकांची यंत्राने वाचलेली पानं मूळ पानांशी ताडून पाहण्याचं काम ती घरून करायची. यंत्र हल्ली क्वचितच चुकायचं. चुकायचं तिथे मात्र माणूस लागायचा.

"आले," ती कुत्रीला म्हणाली.

पलीकडच्या खोलीत वैजयंतीबाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. स्नायूंच्या आजाराने त्यांचे हातपाय वर्षानुवर्षं थोडे थोडे करून नेले होते. उरला होता तो आवाज, आणि तो अजूनही मुख्याध्यापिकेचाच होता. मेथीने ओढणी सोडली आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली.

"आणलंस? शाब्बास गं माझी बाय ती. गुणाची गं गुणाची!" त्यांचा आवाज एक पायरी वर चढला, लाडात आला. मग नजर वर झाली आणि आवाज खाली आला. "उशी सरकली आहे. केव्हाची सांगतेय."

"मला कुठे सांगितलंस?"

"हिला सांगितलं. हिने तुला आणलं. म्हणजे सांगितलंच की."

ऋजुताने उशी नीट केली, मान सरळ केली, पंखा कमी केला. दुपारचं जेवण भरवायला घेतलं.

"भात गिजगिजा झालाय."

"काल टरटरीत होता म्हणालीस."

"दोन्हींच्या मधे एक चांगला भात असतो. मी करायचे."

ऋजुताने पुढचा घास केला. आईचं हे आजारामुळे नव्हतं, आजारापूर्वीचंच होतं. शाळेत ऋजुता पहिली आली तेव्हा वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे बाकीच्या पोरींनी अभ्यास केलेला दिसत नाही." जे चांगलं व्हायलाच हवं, ते झाल्याबद्दल बोलायचं काय, असा त्यांचा साधा हिशेब होता. शाळेतल्या मुलींना तो चालून गेला, कारण त्या संध्याकाळी आपापल्या घरी जात.

आणि त्याच वैजयंतीबाईंना उतारवयात शाबासकी द्यायला शिकावं लागलं होतं. मिरजेबाहेर म्हैसाळच्या रस्त्यावर 'सांगाती' नावाचा ट्रस्ट अपंग माणसांसाठी मदतनीस कुत्री तयार करायचा. यांत्रिक हात तेव्हा बाजारात आले होते. ते पडलेला मोबाइल उचलून देत, पण पडलेल्या माणसाशेजारी बसून राहत नसत. कुत्र्यासोबत मालकाचंही शिक्षण व्हायचं, आणि त्याचा पहिला नियम असा, की काम झालं की लगेच कौतुक. उशीर झाला तर कुत्र्याला ते कशाबद्दल ते कळत नाही. कौतुकच नाही मिळालं तर शिकवलेलं काम हळूहळू विरून जातं. पहिल्या दिवशी मेथीने चष्मा उचलून दिला तेव्हा वैजयंतीबाई म्हणाल्या, "ठीक." ट्रस्टची प्रशिक्षक समीना नदाफ हसून म्हणाली, "मॅडम, तपासनीस आल्यासारखं नका बोलू. आवाज वर न्या. लाडात या." पंधरवडाभर त्या तो धडा गिरवत होत्या. मागच्या बाकावर बसून ऋजुता बघत होती.

भातावरून बोलणं झालं त्या संध्याकाळी ऋजुताने आईला अंग पुसून बिछान्यावर घेतलं. दिवस नेहमीसारखाच गेला होता. मेथीने तिला उशीसाठी आणलं, माशीसाठी आणलं, खिडकीसाठी आणलं.

"जा तू आता," वैजयंतीबाई म्हणाल्या. "लागलं तर हिला पाठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी आली ती कुणी न पाठवता. तिने ओढणी धरली, ऋजुता हातातला चहाचा कप तसाच घेऊन मागे गेली. आई नेहमीच्याच कुशीवर होती. श्वासाचे स्नायू झोपेतच थांबले असावेत, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मेथीने ओढणी सोडली आणि बिछान्याशी बसली. एकदा वैजयंतीबाईंकडे बघितलं, एकदा ऋजुताकडे. तिचं काम झालं होतं, माणूस आणून झालं होतं. शाबासकी अजून यायची होती.

कौतुक फक्त मालकाने करायचं, घरातल्या दुसऱ्या कुणी नाही, हा नियम ऋजुताला पाठ होता. तिने तो पाळला.

*

दिवसकार्य झाल्यावर समीना आली. मेथी दाराशी पडून होती, उठली नाही, शेपूट तेवढी जमिनीवर एकदा आपटली.

"तिला न्यायला आलात ना? न्या," ऋजुता म्हणाली. "खात नाही नीट. दिवसभर त्या खोलीत जाऊन बसते आणि मग मला बोलवायला येते. मी जाते. खोलीत कुणी नसतं. पुन्हा थोड्या वेळाने येते."

"आणि तुम्ही पुन्हा जाता?"

ऋजुताने मेथीची न संपलेली खाण्याची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"नुसती न्यायला नाही आले, ताई," समीना म्हणाली. "तुम्हालाही न्यायला आलेय. थोडे दिवस. समजावून सांगते."

तिने पिशवीतून एक गळपट्टा काढला. नेहमीच्या पट्ट्यापेक्षा जरा जाड, आतल्या बाजूला मऊ. पूर्वी मालक गेला की त्याचं कुत्रं नव्या माणसाचं ऐकायचं नाही, आणि पुष्कळ कुत्री कामातून जात. एक तयार करायला दोन वर्षं, आणि वाट बघणारी माणसं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यावर हा उपाय निघाला होता. माणसाचा वास म्हणजे शेकडो बारीक रसायनांचं एक मिश्रण असतं. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. अंथरुणावरून, कपड्यांवरून ते प्रमाण यंत्राला वाचता येतं, आणि पट्ट्यातल्या इवल्या कुप्यांमधून तसंच मिसळून हवेत सोडता येतं. आवाजाचंही तेच. मेथीच्या जुन्या पट्ट्याने मालकिणीचं तिच्याशी झालेलं बोलणं साठवलं होतं, त्यातून यंत्र त्या आवाजाचा साचा करतं. नवा पट्टा कुत्र्याच्या मानेशी तो आवाज हळूच लावतो. मग रंगाच्या डब्यात रोज दुसऱ्या रंगाचा थेंब टाकावा, तसा जुन्या आवाजात नवा आवाज आणि जुन्या वासात नवा वास मिसळत जायचा. दीड-दोन महिन्यांनी डब्यात फक्त नवा रंग उरतो, आणि आपलं माणूस नक्की कधी बदललं ते कुत्र्याला कळतही नाही.

"तिला कळत नाही," ऋजुता म्हणाली. "बरं आहे."

"मॅडमनी गेल्या वर्षीच परवानगी दिली होती. म्हणाल्या, आवाज घ्या, वास घ्या, काय लागेल ते घ्या."

"मला बोलली नाही."

"मी म्हटलं होतं, ताईंना विचारू या का." समीना जरा अडखळली. "त्या म्हणाल्या, तिला काय विचारायचं."

ऋजुता हसली. त्या हसण्याने समीनाला धीर आला की भीती वाटली, ते तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

"मग माझं काय काम?"

"आम्ही शिकवलेले शब्द मॅडम वापरत नव्हत्या. आम्ही शिकवलं 'उचल'. त्या म्हणायच्या, 'ते बघ काय सांडून ठेवलंय.' मेथीला समजायचं, यंत्राला समजत नाही. कुठल्या वाक्याला काय करायचं ते तुम्हीच सांगू शकता. आणि मेथीच्या ओळखीचं एक माणूस जवळ असलं की तिचा जीव थाऱ्यावर राहतो."

ऋजुता हो म्हणाली. लोकांना वाटलं, केवढं मन मोठं. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. आईचं मेथीशी झालेलं इतक्या वर्षांचं बोलणं त्या पट्ट्यात होतं, आणि त्यात आपल्याबद्दल काही असेल का, एवढंच तिला बघायचं होतं.

*

'सांगाती'ची जागा म्हणजे पूर्वीची बेदाण्याची शेड. ट्रस्टने ती घेतली तेव्हा आधी कितीतरी आठवडे नुसतं झाडणं आणि धुणं चाललं होतं, कारण बेदाणा कुत्र्याला विष. अजूनही कुठल्या तरी फटीत एखादा निघायचा आणि समीना पळत जाऊन उचलायची. आत खोटी घरं मांडलेली होती: स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, बिछाना, उंबरा. भिंती कमरेएवढ्याच, म्हणजे पलीकडून सगळं दिसावं.

मेथी आता ज्यांच्याकडे जाणार होती त्या राजमती चौगुले खोट्या स्वयंपाकघरात आपली चाकांची खुर्ची उभी करून बसल्या होत्या. मिशन हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत त्यांची डॉक्टरकीच्या पोरांसाठी खानावळ होती. टेम्पोने उडवलं, कमरेखालचं सगळं गेलं, हातांत जोर राहिला नाही. नवरा आधीच वारला होता.

"ह्या त्या बाईंची लेक व्हय?" त्या म्हणाल्या. "या, बसा. तुमच्या आईचा आवाज ऐकला सकाळी. मास्तरणीचा आवाज हाय. कुत्रं ऱ्हायलं बाजूला, मीच ताठ बसाय लागले."

"सगळेच बसायचे."

"आनि कुत्रीचं नाव मेथी? कुनी ठेवलं ओ?"

"आम्हीच," समीना म्हणाली. "त्या वेतात सगळी नावं स्वयंपाकघरातली. जिरे, ओवा, मेथी."

"आमची आई म्हणायची, भाजीवाल्याला हाक मारल्यासारखं वाटतं," ऋजुता म्हणाली.

राजमती खो खो हसल्या. मग हसणं आवरून म्हणाल्या, "मी एकदा न्हाणीत पडले बगा. दुपारी. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला तवा सापडले. पाण्याचा तांब्या समोरच हुता, खरं हात पोचत नव्हता. म्हनून आलेय हितं, हौस म्हनून न्हवं."

काम बेताबेताने पुढे सरकलं. पट्ट्यातला आवाज म्हणायचा, "ते बघ काय सांडून ठेवलंय," आणि राजमतींचे ओठ त्याबरोबर हलायचे. मेथी खाली टाकलेल्या पळीकडे झेपावायची, आणून राजमतींच्या मांडीवर ठेवायची. मग पट्ट्यातून शाब्बास आणि राजमतींच्या हातून खाऊ. रोज आवाजात थोड्या राजमती येत गेल्या. वैजयंतीबाईंच्या स्वच्छ शब्दांना हळूहळू मिशन हॉस्पिटलमागच्या गल्लीचा हेल चढू लागला. ऋजुता तो ऐकायची. आपल्या आईला कुणीतरी एक एक अक्षर करून बोली भाषा शिकवतंय, असं वाटायचं. आईला ते अजिबात आवडलं नसतं. त्यात ऋजुताला थोडं सुखही होतं.

दुपारी ती समीनाच्या खोलीत हेडफोन कानाला लावून बसायची आणि आईचं बोलणं ऐकायची. यंत्राने फक्त मेथीला उद्देशून बोललेलं ठेवलं होतं, बाकी टाकलं होतं. ऋजुता प्रत्येक वाक्यापुढे अर्थ सांगत जायची. "गळ्याला कोरड" म्हणजे पाण्याची बाटली. "कोण आलंय ते बघ" म्हणजे दार. "डोळ्यांत येतंय" म्हणजे पडदा. टॉवेल, चष्मा, मोबाइल, चादर. आणि सगळ्यांत जास्त वेळा, टॉवेल-चष्म्यांच्या मधूनमधून, दिवसभर, "तिला आण."

तिला आण. शाब्बास. तिला आण. गुणाची गं. तिला आण.

शेवटच्या ध्वनिफितीपर्यंत ती ऐकत राहिली. आई एकटी असताना कुत्रीजवळ काही बोलली असेल, म्हातारी माणसं बोलतात तसं, असं तिला वाटत होतं. पट्ट्यात तसं काही नव्हतं. वैजयंतीबाई मेथीशी कामापुरतंच बोलल्या होत्या आणि कामाचं कौतुक केलं होतं. ऋजुता त्या बोलण्यात होती ती आणायच्या वस्तूंमध्ये. टॉवेलला तरी नाव होतं.

मेथी यायच्या आधी आई हाक मारायची. 'ऋजुता', पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरावर चढलेला आवाज. पुढे पुढे दम पुरेना, तेव्हा समीनानेच सांगितलं होतं, ओरडू नका, मेथीला पाठवा. त्यानंतर त्या घरात ते नाव उच्चारलं गेल्याचं ऋजुताला आठवेना.

तिने कानावरचं काढून ठेवलं तेव्हा समीना दारात होती. तिने किती वेळ बघितलं होतं कोण जाणे.

"ताई, एक सांगू? पुष्कळ घरची माणसं मागतात, म्हणून विचारते. साचा तयार आहे. मॅडमच्या आवाजात काहीही वाक्य निघतं. एखादं हवं असेल तर..."

"नको."

पण समीनाचा हात तोवर यंत्रावर गेला होता. तिने ते मनापासून आधीच तयार करून ठेवलं होतं. खोलीत वैजयंतीबाई म्हणाल्या, "शाब्बास, रुजूता. गुणाची गं गुणाची."

आवाज तोच होता, एक पायरी वर चढलेला, लाडात आलेला.

"बंद करा."

"चुकलं का काही? नाव जरा..."

"तिने ते नाव तुमच्या यंत्राला कधी ऐकवलंच नाही. ते तरी कुठून म्हणणार?" ऋजुताचा स्वर चढला नाही. "आणि समीना, हा तिचा आवाज नाही. तुम्ही तिला शिकवलेला आवाज आहे. मी होते ना तिथे. मागच्या बाकावर."

समीनाने यंत्र बंद केलं. म्हणाली, "माफ करा, ताई."

"तुमचं काही नाही. एक विचारते. कौतुक मिळालं नाही तर शिकवलेलं काम विरतं म्हणालात. किती दिवसांत?"

"कुत्र्याचं काही आठवड्यांत."

"आणि माणसाचं?"

"त्यावर आमचा अभ्यास नाही," समीना म्हणाली.

*

एक आज्ञा सोडून बाकी सगळ्या राजमतींच्या झाल्या. ती एक मात्र त्यांना द्यायची नव्हती, मारायची होती. राजमतींच्या घरी आणायला कुणीच नव्हतं. पण काही अडचण आली, राजमती पडल्या, विव्हळल्या, की मेथीच्या डोक्यात सगळ्यांत आधी उमटायचं ते 'तिला आण'. खोट्या न्हाणीत राजमतींना गादीवर आडवं केलं तेव्हा हेच झालं. मेथीने मोबाइलकडे पाहिलंही नाही. कमरेएवढ्या भिंतीवरून उडी मारून ती शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या ऋजुताकडे धावत सुटली. खऱ्या घरात ती दार उघडून रस्त्यावर आली असती, आणि ऋजुताला शोधत मिरजभर फिरली असती.

"आज्ञा गप्प ठेवून मरत नाही," समीनाने समजावलं. "आत दबून राहते आणि नको तेव्हा वर येते. ज्या आवाजाची आहे त्याच आवाजात ती द्यायची, कुत्र्याला जाऊ द्यायचं, आणि काम होऊ द्यायचं नाही. न आणता परत यावं लागलं, शाबासकी नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की ती आपोआप गळून पडते. म्हणून या एका आज्ञेसाठी मॅडमचा आवाज आणि वास पूर्ण ठेवलाय, राजमतींची जरासुद्धा भेसळ नाही. ताई, तुम्ही फक्त बसून राहायचं. ती येईल, ओढणी धरेल. उठायचं नाही."

"एवढंच ना?"

"एवढंच."

पट्ट्यातून आवाज आला, "तिला आण." मेथी शेडभर धावत आली, ओढणी धरून उभी राहिली. आणि ऋजुता उठली.

उठून दोन पावलं चालून गेल्यावर तिला समजलं, की आपण उठलो. समीना म्हणाली, "होतं असं. पुन्हा." पुन्हा आवाज आला, मेथी आली, ऋजुता बसायचं असं ठरवून बसली होती. गुडघे तिच्या आधी उठले. तिसऱ्या खेपेला तिने खुर्चीचे हात धरून ठेवले, तरी ती अर्धवट उभी राहिली, कमरेत वाकलेली, आणि कशीतरी परत बसली. पण मेथीला तेवढं पुरेसं होतं. माणूस हललं होतं.

दिवस गेले, तेच चालू राहिलं. कधी ऋजुता बसून राहायची, मग पुढच्या खेपेला उठायची. समीना म्हणाली, हे सगळ्यांत वाईट. कधीतरी काम होतंय हे कळलं, की कुत्रं ते कधीच सोडत नाही.

एका दुपारी राजमतींचा धीर सुटला. त्या गादीवर आडव्या होत्या, सकाळपासून पडण्याचं सोंग करून त्यांची पाठ भरून आली होती.

"ओ बाई," त्या पलीकडून म्हणाल्या, "तुमाला कुत्री द्यायची हाय का न्हाई? तसं सांगा. मी घरी जाते."

"द्यायची आहे."

"मग उठताय कशाला? तुमची आई गेली. मला वाईट वाटतंय. खरं ती न्हाई बोलवत, पट्टा बोलवतोय. माजा नंबर ह्या कुत्रीला लागलाय. ही नापास झाली तर मी पुन्हा रांगेच्या टोकाला. तंवर न्हाणीत पडले तर तुमी येनार हाय का?"

"राजमतीताई," समीना म्हणाली.

"बोलू द्या त्यांना," ऋजुता म्हणाली. "बरोबर बोलताहेत."

समीना तिच्याजवळ येऊन बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, रागावू नका. मेथी कधीच विसरली असती. मी नोंदी बघितल्यात, तिचा वेग रोज कमी होतोय. तिला शाबासकी बंद आहे ना. उलट तुम्हीच... आता तुम्हालाच आधी सोडवावं लागणार असं दिसतंय. तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. शिकवताना काहीतरी द्यावं लागतं ना." ऋजुता मेथीकडे बघत होती. "हिला दरवेळी शाब्बास मिळालं, ही सोडायला तयार आहे. मला कधीच काही मिळालं नाही, आणि मी उठतेच आहे. तुमच्या शास्त्रात हे बसतं का?"

"नाही बसत."

"नसेल बसत."

संचालकांनी या आठवड्यावर निर्णय ठेवलाय, हे समीनाने अगदी शेवटी सांगितलं. शुक्रवारी परीक्षा. मेथी ऋजुताकडून रिकामी परत गेली आणि मोबाइल घेऊन राजमतींकडे पोचली, तर राजमतींची. नाही तर कामातून निवृत्त, आणि मग कोणाच्याही घरी पाळायला.

"तुम्हालाच देऊ शकतो तेव्हा," समीना म्हणाली. "पट्ट्यासकट. पुष्कळ जण ठेवतात."

म्हणजे तो आवाज घरी राहिला असता. मेथी दारातून आली असती, ओढणी धरली असती. ऋजुता उठून रिकाम्या खोलीत गेली असती, पट्ट्याने मेथीला शाब्बास म्हटलं असतं. असं कितीही वर्षं चाललं असतं. त्या रात्री ऋजुताने हे मनात पुरतं लावून पाहिलं, आणि ते आपल्याला किती हवंहवंसं वाटतंय हे बघून तिला स्वतःचीच भीती वाटली.

*

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये ऊन तिरपं आलं होतं. राजमती खोट्या न्हाणीत गादीवर आडव्या झाल्या. त्यांनी ऋजुताकडे पाहिलं नाही. समीना भिंतीशी उभी राहिली. ऋजुता शेडच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी खुर्चीत बसली.

राजमती विव्हळल्या, आणि पट्ट्यातून वैजयंतीबाई म्हणाल्या, "मेथी, तिला आण."

मेथी निघाली. पूर्वीसारखी झेपावत नाही, दुडक्या चालीने. ऋजुताजवळ येऊन तिने ओढणीचं टोक दातांत घेतलं आणि उभी राहिली. इतक्या जवळून पट्ट्याचा वास येत होता. कुत्र्याच्या नाकासाठी केलेला, तरी माणसाला समजेल इतका: औषधी तेल, टाल्कम पावडर, आणि दुपारी झोपून उठलेल्या आईच्या मानेचा वास. ऋजुताच्या पोटऱ्या ताठ झाल्या. हात खुर्चीच्या काठावर गेले.

मेथीने वर पाहिलं. कुणी हलत नाही म्हणताना तिची पकड सैल झाली, पण ओढणी सुटली नाही.

"तिला आण," पट्टा पुन्हा म्हणाला. तोच आवाज, ना राग, ना विनवणी. खिडकीसाठी, माशीसाठी, उशीसाठी वापरलेला.

गप्प बसायचं, नजर द्यायची नाही, असं समीनाने बजावलं होतं. ऋजुताने खाली वाकून सरळ मेथीच्या मानेकडे, त्या पट्ट्याकडे पाहिलं. शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, आणि पलीकडे राजमतींचं विव्हळणं थांबलं.

"मला नावाने हाक मारायची होतीस, आई. मी पलीकडच्याच खोलीत होते. कितीदाही आले असते, शाब्बास नको होतं मला, नुसतं नाव घेतलं असतंस तरी. तू कुत्री पाठवलीस. आणि मी प्रत्येक वेळी आले, प्रत्येक वेळी मनात म्हणाले, नाही येत जा, आणि आले. आज तोंडाने सांगते. दमले मी. नाही येत."